त्रेचाळीस नावांची वही

चिंचवड,
१२ ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीराम यास,

अनेक आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिले गेले. आता खोडत नाही.

तुला आठवतं का, आपण पिंपरीला कॉलनीत राहायचो तेव्हा महिन्यातून एका रविवारी आई एरंडेल पाजायची? तू मोरीत लपून बसायचास. मग मी आधी माझा चमचा तोंडात घ्यायची, नाक न मुरडता, आणि म्हणायची, “कडू नाही रे.” तू निमूट बाहेर येऊन तोंड उघडायचास. नंतर मिळालेल्या गुळाच्या खड्यातला अर्धा मी तुला द्यायची. किती लहान होतास.

इकडे मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण चालते. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे.

रुक्मिणीबाई गेली. कळलं असेलच तुला. मागच्या वेळी बोललास तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तू म्हणालास, “अक्का, ती आधीच खंगलेली होती. तू कशाला अंगाला लावून घेतेस?”

खंगलेली नव्हती. चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये ती रोज चारशे पोळ्या लाटायची. सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्या न्यायची, वेळेवर घ्यायची. गेल्या वर्षी राजगुरुनगरला तू चिमाजी वैद्याचं काढ्याचं शिबिर भरवलंस, तिथे ती आली आणि तिच्या गोळ्या सुटल्या. दहा महिन्यांत टीबी मेंदूपर्यंत गेला.

त्या वैद्याची फाइल मी आता नीट वाचली. अकरा माणसांचे रिपोर्ट, सगळ्यांत ‘रक्तात विषाणू आढळला नाही’. पण प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सरकारी गोळ्यांचा नोंदणी क्रमांक आहे, ज्योतीराम! अकराही जण गोळ्या घेणारे. गोळी न घेता नुसत्या काढ्यावर बरा झालेला एकही नाही. मी वैद्याला विचारलं, “असा एक तरी दाखवा.” तो म्हणाला, “बाई, श्रद्धा लागते.” मी म्हटलं, “श्रद्धा माझ्याकडे आहे, तुम्ही कागद दाखवा.” तो उठून हात धुवायला गेला, तो परत आलाच नाही.

गोळ्या देणाऱ्या केंद्रातली समुपदेशक शमीम तुला फोनपुरतीच माहीत आहे. बारामतीकडची मुलगी, जीभ तिखट. ती मला म्हणाली, “मॅडम, राखणदार आहे म्हणून शेतात डुकरं येत नाहीत. राखणदाराला घरी पाठवून म्हणायचं का, की डुकरं संपली?” मग म्हणाली, “तुम्हाला हे ठाऊक होतं. एकोणीस वर्षं येताय इथे.”

ठाऊक होतं.

त्या शिबिरात तू मला मंचावर उभं केलंस. माझा रिपोर्ट माझ्याच हातात दिलास, कारण मी कॉन्व्हेंटची, इंग्रजी खणखणीत वाचते. “पुराण नको अक्का, फक्त रिपोर्ट वाच आणि काढा घेते म्हण.” मी तेवढंच केलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. काढा मी घेत होते.

खाली उतरल्यावर रुक्मिणीबाईनं माझा हात धरला. “ताई, खरंच गेला का हो? मला न्हाई वाचता येत. मी गोळ्या बंद करू का?” माझ्या पर्समध्ये त्या वेळी माझ्या गोळ्यांची डबी होती. मी एक दिवस, एकही दिवस, गोळी चुकवली नव्हती. आणि मी तिला म्हणाले, “वैद्यांना विचारा.”

का म्हणाले, ते तुला सांगते. हे गेल्यापासून तुझ्या घरी माझा कप वेगळा होता, दांडा तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. नवऱ्यानं दिलेला आजार, पण कप माझा वेगळा. शिबिराच्या दिवशी घरी नेऊन तू सगळ्या घरादेखत म्हणालास, “आमची अक्का बरी झाली.” पंगतीत बसवलंस, तुझ्या सुनेनं नातू माझ्या मांडीवर दिला. त्याच्या टाळूला तेलाचा वास येत होता. त्या वासासाठी मी गप्प बसले. तुला वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायचं होतं, मला पंगतीत बसायचं होतं. दोघांनी मिळून एक बाई मारली.

काल तिची थोरली बहीण जाईबाई दारात आली. हातात काढ्याची अर्धी बाटली. “बाटली सरली न्हाई, मानूस सरलं. शेवटपर्यंत म्हनत व्हती, त्या शिकलेल्या ताईचा गेला, तर माजा बी जाईल.” मी तिला आत बसवून सगळं सांगितलं. तिनं शिवी दिली नाही. पाणीही घेतलं नाही.

काढा नेणाऱ्या त्रेचाळीस जणांची नावं तुझ्या वहीत आहेत. त्यांतल्या कितींनी गोळ्या सोडल्या, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि तू विचारलंही नाहीस. शमीमनं फोनवर वही मागितली तर तिला म्हणालास, “लोकांची बदनामी होईल.” लोकांची अब्रू तुला आत्ता आठवली! रुक्मिणीबाईला मंचासमोर नाव पुकारून बाटली दिलीस, तेव्हा कुठे होती?

आता कुणाला काय द्यायचं, ते नीट वाच. वही शमीमच्या हातात द्यायची, दुसऱ्या कुणाच्याही नाही; ती एकेकाला एकट्यानं गाठून परत गोळ्यांवर आणेल. उरलेल्या बाटल्याही तिलाच. माझा मंचावरचा व्हिडिओ जिथे जिथे पाठवलास, तिथून काढायचा. आईच्या पाटल्या तुझ्या सुनेच्या. लखोट्यात घालून शेजारी धोंडीबांकडे ठेवल्या आहेत, तिनं स्वतः येऊन न्याव्यात. तिचा यात दोष नाही.

या पत्राची एक प्रत जाईबाईला दिली, वाचून दाखवली. दुसरी माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत वही शमीमला मिळाली नाही, तर ही दुसरी प्रत पोलीस ठाण्यात जाईल, आणि रविवारी तुझ्या चाकणच्या शिबिरात मी पहिल्या रांगेत असेन. या वेळी सगळं वाचून दाखवीन.

मंचावर तू माझं नाव घेतलं नव्हतंस. ‘आमच्या एक भगिनी’ म्हणाला होतास. जबाबाखाली भगिनी चालत नाही, म्हणून पूर्ण सही करते.

विजयश्री गणराज काळोखे