हात सोडा, पेटी मला दिसते आहे

मी, अराबा मेन्सिमा, वय वर्षे बहात्तर, धंदा मासे धुरवून विकण्याचा, राहणार केप कोस्ट, घाना, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. हे आधीच नमूद करते, कारण माझा मुलगा फीफी मागाहून शंका काढील.

१. आईच्या कुळाच्या घरात माझा हक्क राहण्यापुरता होता, तो माझ्याबरोबर संपेल. बाजारामागचे पत्र्याचे घर मात्र माझ्या कष्टाचे आहे. ते घर आणि मासे धुरवण्याच्या तिन्ही भट्ट्या मुलगी आबा हिला द्याव्यात. फीफीला घरात वाटा नाही. कारण तिसऱ्या कलमात दिले आहे.

२. होडीतला माझा निम्मा वाटा माझ्या भावाचा, क्वामिनाचा, मुलगा यॉ याला द्यावा. आमच्यात कुळ आईकडून चालते, भावाचा मुलगा आमच्या कुळात धरत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते. क्वामिना दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात इंग्रजांसाठी लढला. परत आल्यावर कबूल केलेले पेन्शन मागायला तो अठ्ठेचाळीस साली इतर सैनिकांबरोबर राजधानी अक्रामध्ये मोर्चाने निघाला. हातात शस्त्र नव्हते, अर्ज होता. पोलिसांनी गोळी घातली ती मांडीत बसली, आणि पुढे मरेपर्यंत तो काठीवर चालला. सरकारी कागदांत तो दंगलखोर आहे.

३. फीफी मुख्याध्यापक आहे. शाळेच्या सभागृहात त्याने माझा एक मोठा फोटो लावला आहे. खाली लिहिले आहे, ‘मतदान शिकताना’. माझ्या अंत्ययात्रेच्या फलकांवर तोच फोटो छापायचा त्याचा बेत आहे. याला माझी सक्त मनाई आहे.

तो फोटो एका सिनेमातला आहे. एकावन्न सालच्या निवडणुकीआधी इंग्रज सरकारचे सिनेमावाले बाजारात आले. मत कसे टाकायचे हे लोकांना दाखवायचे आहे, म्हणाले. माझे दात चांगले म्हणून मला निवडले. काम लोकांच्या उपयोगाचे वाटले, मी गेले. कॅमेरा सुरू झाला तसा एका गोऱ्या साहेबाने माझे मनगट धरले आणि हात पेटीकडे नेऊ लागला. मी आमच्या फांटे भाषेत म्हटले, “हात सोडा, पेटी मला दिसते आहे.” दात दिसतात ते तेव्हाचे. ते हसू नव्हे.

काही महिन्यांनी सिनेमाची गाडी मैदानात आली. पडद्यावर माझे ओठ हलत होते, आवाज लंडनच्या कोणा माणसाचा होता. गाडीवरचा दुभाषा एबो क्वान्सा ध्वनिक्षेपकावर त्याचे भाषांतर करीत होता. “ही बाई म्हणते, साहेब, आमचा हात धरा, आम्हाला वाट दाखवा.” बाजारातल्या बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. सिनेमात क्वामिना नव्हता. आम्ही विलायती कापडावर टाकलेला बहिष्कार नव्हता. संपात तुरुंगात गेलेली माणसे नव्हती. साहेब शिकवीत होता आणि आम्ही शिकत होतो, एवढेच होते.

मी उठले आणि एबोसमोर हात पुढे केला. त्याने ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. मी काय म्हणाले होते ते सांगितले, आणि सिनेमात काय नाही तेही सांगितले. गाडीबरोबर आलेल्या साहेबाने यंत्र बंद करवले. अंधार झाला. मी तशीच बोलत राहिले. मासे विकणाऱ्या बाईला ध्वनिक्षेपक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बाजारातली जागा काढून घेतली. तेव्हा बायकांनी सगळा बाजार बंद ठेवला. साहेबांच्या बंगल्यांवर मासळी जाईना, भाजी जाईना. जागा परत मिळाली. एबोची नोकरी गेली ती गेलीच. सत्तावन्नमध्ये स्वातंत्र्य आले, तेव्हा इंग्रजांनी नवा सिनेमा काढला आणि त्यात माझा तोच हात पुन्हा चिकटवला. आधी साहेब हात धरतो, मग लगेच आमचा झेंडा वर चढतो.

फीफी म्हणतो, “आई, इंग्रज हस्तांदोलन करून गेले ना शेवटी? किती दिवस राग धरणार?”

मी त्याला सांगितले, “गेले ते बरंच झालं. पण चोराने भांडं परत ठेवलं तर त्याला दान म्हणू नये रे. आणि तू तर शाळेत शिकवतोस.”

त्याने फोटो उतरवला नाही.

४. बँकेतील रकमेतून अंत्यविधीचा खर्च करावा. शोकाचे लाल-काळे कापड चांगल्या प्रतीचे घ्यावे. स्वस्त आणल्यास बाजारातल्या बायका मला वर येऊन सांगतील.

५. मतदानाच्या त्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट, जुन्या सिनेमांचा अभ्यास करायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी मला भेट दिली आहे. अंत्यविधीच्या जेवणानंतर ती आवाज बंद करून सर्वांना दाखवावी, आणि जे खरे घडले ते एबोने सोबत सांगावे. एबो खाली साक्षीदार आहे, म्हणून कायद्याने त्याला काही देता येत नाही. तो म्हणाला, “मला काही नको, अराबा. तेवढं बोलायला मिळू दे.”

वकीलबाई म्हणतात, हे कलम कायद्यात बसत नाही, काढून टाका. मी म्हटले, “आमचं स्वातंत्र्यही तेव्हा कायद्यात बसत नव्हतं. राहू द्या.”

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो माझा आहे, आणि यात दुसऱ्या कोणाचा आवाज नाही.

स्थळ: केप कोस्ट
दिनांक: ११ नोव्हेंबर १९९६

(सही) अराबा मेन्सिमा

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. एबो क्वान्सा, निवृत्त दुभाषा
२. एकुआ ओटू, मासे विक्रेती