विमान सहाच तास उडतं

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

सुट्टीवर निघालेल्या वेल्डरच्या हाती हे पत्र देतोय, वहिनी वाचून दाखवेल. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पट्टीला सारखा हात लावत नाहीस ना? मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

फोनवर म्हणालीस, "विमानाला सहाच तास लागतात ना? मग ये की! पट्टी सुटली की आधी तुझं तोंड बघायचंय."

खरं आहे, आई. विमान सहाच तास उडतं. पण बॉयलरवरचा माझा जोडीदार काम सोडून गेलाय. नवा माणूस येईपर्यंत मला हलता येत नाही. साहेबांपुढे हात जोडले, तर म्हणाले, "बॉयलरला आई नसते, बाबा." माणूस वाईट नाही, पण रजा मिळाली नाही. कारखान्यावरून विमान गेलं की मान आपोआप वर होते. देवाकडे तुझी नजर तेवढी मागतो.

पट्टी सुटेल त्या दिवशी दादाला मिशी काढायला सांग. मिशीविना तो थेट माझ्यासारखा दिसतो. कुरकुर करेल, पण ऐकेल. आधी त्याच्याकडे बघ आणि माझ्या नावाने हाक मार.

तो ओ देईल.

तुझा लांब राहिलेला
धाकटा