बोका आणि मानसशास्त्राचा पेपर

३ जानेवारी
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. मागची नोंद गेल्या मार्चमधली. तेव्हा रोज लिहायचं ठरवलं होतं, पण मध्ये डोळे, गुडघा आणि घरातली माणसं आडवी आली.
आज मात्र लिहिण्यासारखं आहे. कॉलेजात जाऊन, लेट फी भरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पुन्हा नाव घातलं. तरुणपणी नोकरी लागली म्हणून ते अर्धवट सोडलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजोबा, अॅडमिशनला नातवाने स्वतः यावं लागतं." विद्यार्थी मीच, म्हणालो. तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
ज्ञानाची हौस वगैरे काही नाही. कारण एकच. बोका.

४ जानेवारी
बोका म्हणजे आमच्या छापखान्याचा मॅनेजर. विद्यापीठाच्या पदव्या आमच्याकडे छापल्या जात, आणि ते मशीन माझ्या ताब्यात होतं. मी रिटायर झालो त्या दिवशी बोका माइक घेऊन म्हणाला, "ह्यांनी जन्मभर लोकांच्या पदव्या छापल्या, स्वतःची तेवढी राहिली!" सगळे हसले. बाइंडर तर टेबलावर हात आपटून हसला. आमची ही पण हसली. हिचं म्हणणं, ती खोकत होती.
आता पदवी घेऊन थेट बोक्याच्या घरी जायचं. बस म्हणाला तरी बसायचं नाही. पदवी त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, "छपाई कशी आहे, बघा." पुढे एक शब्द नाही. वळायचं आणि निघायचं.
हे वाक्य दहा-बारा वेळा म्हणून बघितलं. "बघा"वर जोर द्यावा की "छपाई"वर, हे ठरत नाही.

१९ जानेवारी
उद्यापासून पहाटे चार ते सात अभ्यास. घरात सर्वांना बजावलं.

२० जानेवारी
साडेसातला जाग आली. गजराचं घड्याळ हिच्या बाजूला असतं. अशाने माणूस शिकणार कसा?

११ फेब्रुवारी
वर्गात शिरलो तर पोरं उभी राहिली. मला सर समजली. बसा म्हणालो. मग मीच शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा जरा गोंधळ झाला.
मानसशास्त्र मात्र मस्त विषय आहे. माणूस आपल्या अपयशाला सोयीची कारणं शोधतो आणि ती स्वतःलाच पटवतो, याला पुस्तकात चांगलं नाव दिलेलं आहे. वाचून थक्क झालो. हुबेहूब बोका! सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, यात आणखी कोणी दिसतं का तुम्हाला?"
दिसतं की. बाइंडर.

६ मार्च
अभ्यासाचं टाइमटेबल नव्याने आखलं. लाल, निळी, हिरवी शाई वापरली. दिवस त्यातच गेला, पण पाया पक्का झाला.
पदवीसाठी फ्रेम करून आणली. फ्रेमवाला माप घ्यायला वस्तू आणा म्हणत होता. मला ते माप झोपेतही सांगता येतं. बैठकीच्या खोलीत लावली. ही म्हणाली, "अहो, काढा ती. घरात म्हातारा माणूस आणि भिंतीवर रिकामी फ्रेम. शेजारीण दोनदा विचारून गेली, बरे आहेत ना म्हणून."
काढणार नाही.

२ एप्रिल
बोका घरी आला! स्वतःच्या पायांनी! मी आतल्या खोलीत गेलो आणि हिला सांगितलं, अभ्यासात आहेत म्हणावं. कान दाराला होता, पण पुस्तक हातात होतं.
बोका राहतं घर विकून लेकीकडे जातोय, कायमचा. बायको गेल्यापासून इथे करमत नाही म्हणाला. ही भोळी, तिने परीक्षेचं सगळं सांगून टाकलं. सगळा डाव उघडा पडला. यावर बोका म्हणतो कसा, "वहिनी, होणार ते पास. एवढी वर्षं मशीन चालवलं, पण कागदावर कधी डाग पडू दिला नाही त्यांनी."
काय हा कुजकेपणा! गोड बोलून माझा राग उतरवायला आला होता. नाही उतरला.
तो गेल्यावर ही म्हणाली, "बाहेर येऊन नवा पत्ता तरी विचारायचा." मी म्हणालो, वैऱ्याकडे पत्ता मागतात का कधी? ती म्हणाली, "मग पदवी काय कबुतराबरोबर पाठवणार?"
या घरात मला पाठिंबा नाही.

१८ एप्रिल
मानसशास्त्राचा पेपर. अपूर्व यश.
पहिलाच प्रश्न: माणसाला राग का येतो, उदाहरण देऊन स्पष्ट करा. पेन नुसतं धावत सुटलं. माइक लिहिला, बाइंडरचं टेबल लिहिलं. हिच्या ऑपरेशनच्या वेळी बोक्याने रजा कापली, तेही लिहिलं. पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. सुपरवायझर मागे येऊन म्हणाला, "काका, बाकीचे प्रश्न?" मी म्हणालो, त्यांना वेळ आहे. घंटा झाली तेव्हा बोका संपायचा होता.
घरी सूनबाईने विचारलं, किती प्रश्न सोडवले. आकड्यावर जाऊ नये, म्हणालो.

२० जून
रिझल्ट. बाकी सगळे विषय काठावर पास. मानसशास्त्रात नापास.
बोक्याचा हात आहे. विद्यापीठात त्याच्या ओळखी आहेत.

९ जुलै
उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, ती आली. पहिल्या प्रश्नाला वीसपैकी वीस! समासात तपासणाऱ्याने लिहिलंय, "उत्तम उदाहरण." बाकीच्या प्रश्नांना शून्य, पण ते मी लिहिलेच नव्हते, तेव्हा ते धरायचे नाहीत. बोका कसा आहे, हे विद्यापीठाने लेखी मान्य केलं.
सूनबाई म्हणाली, "बाबा, न्याय मिळाला ना? मग आता सोडा की." न्याय मिळाला, पण बदला राहिला. ऑक्टोबरात पुन्हा बसणार.

१५ जुलै
सहज पाय मोकळे करायला म्हणून बोक्याच्या घरावरून गेलो. गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत होते. नव्या माणसांना त्याचा पत्ता माहीत नाही. पुढे बाइंडरकडे गेलो, त्यालाही नाही. "तब्येत बरी नाही म्हणे त्याची, छातीत दुखतं," एवढं मात्र त्याने ऐकलंय.
जेवण गेलं नाही. ऑक्टोबरात परीक्षा, डिसेंबरात रिझल्ट. तोवर बोक्याला काही झालं तर पदवी नेऊन ठेवायची कोणासमोर? एवढ्या मेहनतीचं काय करायचं? माणसाने दुसऱ्याचा थोडा तरी विचार करावा.

१६ जुलै
त्याची पेन्शनची कागदपत्रं छापखान्याच्या ऑफिसातून पुढे जातात. उद्या तिथे चिठ्ठी देऊन येतो. मजकूर आधी इथे लिहून बघतो:

साहेब,
ऑक्टोबरात पुन्हा बसतोय. एकच विषय राहिलाय. तोपर्यंत तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घेत चला, जिना उतरताना कठडा धरा, आणि छातीत दुखलं तर अंगावर काढू नका, लेकीला लगेच सांगा. माझं तुमच्याकडे महत्त्वाचं काम आहे, ते दुसऱ्या कोणाकडून होण्यासारखं नाही. तुमचा पत्ता मिळाला म्हणजे मला अभ्यासाला बसता येईल. कसे आहात, कुठे आहात, दोन ओळी लिहून लवकर कळवा.