सिमेंटची पंगत

१ जून

पोचलो एकदाचा! माझ्या गाडीने बेकर्सफील्डमध्येच दम तोडला, म्हणून बसने आलो. बस पेट्रोल पंपाशी सोडते, पुढे वाळवंटातून बारा मैल कच्चा रस्ता. पंपावर ओपल येट्स आपला खटारा ट्रक घेऊन उभी होती. ही ऑर्विलची एकुलती एक शेजारीण. सत्तरी ओलांडली आहे, चार गाढवं पाळते आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. मला बघून म्हणाली की नाक ऑर्विलचंच, फक्त जास्त वाकडं, म्हणजे तू वेंडेलच असणार. हसलो. किती दिवसांनी हसलो कोण जाणे.

ऑर्विल माझा थोरला भाऊ. गेल्या ऑक्टोबरात नाहीसा झाला. शेरिफची माणसं महिनाभर डोंगर पालथे घालत होती, शेवटी हात टेकले. आता जागेचा वारस मी. महिनाभर राहायचं, काय ठेवायचं आणि काय मोडायचं ते ठरवायचं आणि चालू लागायचं. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, मोडतोड मला नवी नाही.

घर म्हणजे एक पत्र्याची खोली, एक शेड, मागे पाण्याची टाकी. आणि पुढे ती प्रसिद्ध पंगत! चाळीस फूट लांब सिमेंटचं टेबल. मोटारींच्या चाकांच्या झाकण्या म्हणजे ताटं, उन्हाने जांभळ्या पडलेल्या बाटल्या म्हणजे पेले. भोवती ऑर्विलने सिमेंटात घडवलेलं आमचं अख्खं घर बसलंय, माणसाएवढं. बाबा, मिल्ड्रेड आत्या, तिचा बहिरा नवरा, आमचा कुत्रासुद्धा. आई तेवढी उभी, नेहमीसारखी. एका हातात कॉफीची किटली, दुसऱ्या हातात चमचा, केस जुन्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचे. हुबेहूब आई. कबूल करायला जिवावर येतं, पण हुबेहूब. एका टोकाला ऑर्विलने स्वतःला बसवलंय. समोरच्या टोकाला एक रिकामी खुर्ची, पाठीवर माझं नाव कोरलेलं.

ओपलने तिखट मिरच्या घातलेला मक्याचा पाव दिला. अर्धा संपवला. हवा झकास आहे.

६ जून

माणसं कुठून कुठून येतात आणि डोक्यात जातात! आज निळ्या केसांची एक पोरगी आईच्या पुतळ्यासमोर पाऊण तास रडली. म्हणे हिच्यात केवढं प्रेम आहे. अगं बये, आमची खरी आई गेली तेव्हा खोलीत मी आणि एक नर्स, बस. अकरा दिवस ती दाराकडे बघत होती. ऑर्विल आला का, ऑर्विल आला का. तीन तारा केल्या, फोन केले. हा साहेब आला नाही. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली, तेव्हापासून मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही.

आणि त्या वेळात हा इथे बसून काय करत होता? तर आईचा पुतळा! जिवंत आईला तोंड दाखवायला फुरसत नाही, आणि सिमेंटच्या आईच्या पापण्यासुद्धा कोरल्यात. वर लोक म्हणतात कलावंत. कसला डोंबलाचा कलावंत!

सगळे माझ्या खुर्चीत बसून फोटो काढतात. मी बसत नाही. एकाने विचारलं की हा वेंडेल कोण. मेला, म्हणून सांगितलं.

११ जून

टाकीतलं पाणी कमी होतंय. ओपल दर दुसऱ्या सोमवारी तीनशे गॅलन आणून ओतते. मी दिवसाला चार-पाच गॅलन वापरतो, दाढीसुद्धा एक दिवसाआड. आज मोजपट्टी टाकून पाहिली तर पाणी निम्म्यावर. गळती नाही, नळ घट्ट, खाली माती कोरडी ठणठणीत. म्हणजे कोणीतरी चोरतंय.

या वाळवंटात कोणाचं पेट्रोल न विचारता घेतलंत तर शिव्या खाल. पाणी घेतलंत तर गोळी खाल. टाकी कुठे आहे, नळ कसा फिरतो हे माहीत असलेलं माणूस एकच आहे, आणि तिच्याकडे चार गाढवं आहेत.

१५ जून

सकाळी माझ्या खुर्चीवर ओलं गोणपाट होतं. चांगलं निथळणारं. ताजं सिमेंट तडकू नये म्हणून ऑर्विल असं ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचा, शेडच्या भिंतीवर त्याने तसं लिहूनच ठेवलंय. पण खुर्ची जुनी, तिच्यावर काय ओलं ठेवायचंय? ही थट्टा. माझंच पाणी चोरायचं आणि माझ्याच खुर्चीवर ओतायचं.

तेवढ्यात ओपल पाणी घेऊन आली. मी तिला नळाला हातही लावू दिला नाही. चोर म्हणालो. तुझ्या गाढवांसकट तुला टाकीत बुडवीन म्हणालो. आधी तिला थट्टाच वाटली, ऊन लागलं का रे तुला म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. म्हणाली की चाळीस वर्षं या रस्त्यावर पाणी पोचवते आहे, असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, आता मी म्हणतोय. पुन्हा या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, मी स्वतः ये म्हणेपर्यंत.

इकडे फाटक म्हणजे फाटक. त्याला कुलूप लागत नाही, शब्द लागतो. एकदा नको म्हटलं की माणूस बाहेर उभा राहून हॉर्न वाजवतो, आत येत नाही, घराला आग लागली तरी. तिने मान डोलावली आणि पाण्यासकट निघून गेली.

बरं झालं. जरा जास्तच बोललो असेन. पण बरं झालं.

१८ जून

पाणी आणखी चार बोटं खाली. ओपल आलेली नाही. रस्त्यावर तिच्या चाकांची नवी खूण नाही, मी मैलभर चालत जाऊन पाहिलं.

म्हणजे ती नव्हती.

तरी मी काही तिच्याकडे नाक घासत जाणार नाही. आणि जाणार कसा? सात मैल, सावलीला एक झाड नाही. उन्हाने आता टुरिस्टही बंद. फोनला इथे रेंज नाही.

टाचांना भेगा पडल्यात. कातडी राखाडी झालीय, खरवडली की पूड पडते. कोरडी हवा, दुसरं काय. सुरीची मूठ टाचेवर आपटून पाहिली. टक् वाजलं. दुखलं नाही.

२१ जून

आईच्या किटलीत पाणी आहे.

किटली आतून पोकळ आहे हेच मला माहीत नव्हतं. तोटीतून थेंब पडत होता म्हणून बोट घातलं. गार पाणी. आणि तिच्या झग्याच्या कडेला ओला चिखल. तिथपासून टाकीपर्यंत मातीत काहीतरी फरपटत गेल्याची एक सरळ खूण, रुंद, मधे पाऊल असं नाहीच.

ऑर्विल! जिवंत आहेस आणि लपून हे चाळे करतोयस ना? शेड पाहिली, आसपासचे खड्डे पाहिले, डोंगरातल्या जुन्या खाणीच्या तोंडाशी उभा राहून त्याच्या नावाने घसा फुटेस्तोवर शिव्या दिल्या. ये बाहेर, भित्र्या! आई मरताना लपलास, आता माझ्यापासून लपतोस! कोणी आलं नाही. घशातून पांढरी धूळ पडली.

खुर्चीवर पुन्हा ओलं गोणपाट. फाडून टाकलं.

२३ जून

हातोडा घेतला. ठरवलं, आधी त्याचाच पुतळा. तुझं तोंड फोडतो म्हटलं, मग बाकीचं बघू.

जवळून पहिल्यांदाच पाहिला. बाकीचे सगळे खडबडीत आहेत, बोटांचे ठसे, आतल्या पाइप-जाळीची टोकं वर आलेली. हा तेवढा गुळगुळीत. चमच्याच्या पाठीने घोटलेला. आई वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम असंच घोटायची, एक सुरकुती राहू द्यायची नाही.

मनगटावर पहिला घाव घातला. सिमेंटचा टवका उडाला. आत पाइप नाही. जाळी नाही.

घड्याळ. बाबांनी त्याला दिलेलं. आणि पट्ट्याखाली—

ऑर्विल कुठेही गेला नव्हता. डोंगर शोधत बसले मूर्ख. तो इथेच बसला होता, लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते.

आईच्या चमच्याला सिमेंट लागलंय. वाळलेलं नाही.

२४ जून

खोलीच्या दाराला पलंग लावून बसलोय. भर दुपारी. बाहेर काही हलत नाही. हलताना दिसत नाही, एवढंच. खिडकीतून बघतो तेव्हा आई टेबलाशी. पाणी प्यायला मान वळवली, पुन्हा पाहिलं, तर दोन हात अलीकडे.

गुडघे वाकायला वेळ लागतो.

मला राग येतोय. भीती वाटतेय हे खरं, पण राग जास्त. तिच्यावरसुद्धा. होय, आई, तुझ्यावर! अकरा दिवस उशाशी मी होतो. भरवलं मी, पुसलं मी. आणि तू दाराकडे बघत होतीस. एकदा तरी माझ्याकडे—

२६ जून

देव पावला. सकाळी एक मोटार आली, जर्मन नवरा-बायको, वाट चुकलेले. मी धावलो. धावलो म्हणजे पाय ओढत गेलो. गाडीत मागे कुत्रे, सामान, जागा नाही. असती तरी त्यांनी घेतलं नसतं, बाई माझ्या हातांकडे बघून काच वर करत होती. चिठ्ठी तेवढी घेतली. ओपल येट्स, गाढवांचं घर, सात मैलांवर डावीकडे.

चिठ्ठीत माफी लिहायची होती. त्यांना थांबवून तीनदा सुरुवात केली. पेन पुढे सरकेना. साठ वर्षांत कोणाची मागितली नाही, आता या म्हातारीची मागू? शेवटी दोन शब्द लिहिले. ट्रक आण.

समजेल ती.

२७ जून

आली नाही. टाकीत तीन बोटं पाणी. डावा हात कोपरात वाकत नाही.

आई खिडकीच्या बाहेर उभी आहे. पाठमोरी. तांब्याचे केस काचेला टेकलेत.

२८ जून, दुपार

हॉर्न! तिचाच, त्या खटाऱ्याचा, हजारात ओळखेन. बॅग उचलली, पलंग सरकवला. दारात कोणी नव्हतं. फाटक दोनशे पावलं. निघालो होतो. देवाशपथ निघालो होतो.

पण वाटेत टेबल. सगळे बसलेले, ऑर्विलचं फुटकं मनगट ताटाशेजारी. माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं तोंडात धरलेलं गिळून जाऊ? आमच्याकडे टेबलाशी उभ्याने भांडायचं नाही, काय ते बसून बोला, असा आईचा दंडक. बसलो. माझ्या खुर्चीत बसून सगळं बोललो. त्याला पळपुटा म्हणालो, हलकट म्हणालो. तिला म्हणालो की ज्याने विचारलं नाही त्याच्यासाठी झुरलीस, आणि माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. सगळं. शेवटचा शब्द माझा.

बरं वाटलं.

उठता येत नाही—

पाय गार. गोणपाट मांडीपर्यंत. कोणी गुंडाळलं ते मान वळवून बघता येत नाही. पाठीमागे चमचा घासल्याचा आवाज. सावकाश. नीट.

ती कुजबुजतेय. वेंडेल म्हणतेय. माझं नाव—आता घेतेस? आता?

हॉर्न पुन्हा. ओरडलो. तोंडातून पूड. उजवा हात चालतोय, डायरी खिशात होती म्हणून—

ओपल उतरलीय. फाटकावर हात ठेवून उभी. मला बघतेय. दिसतोय मी तिला! ओरडून विचारतेय की रुसून बसलास का रे खुर्चीत. तू शब्द घातलास, तूच काढ. नुसतं ये म्हण, की मी आत येते.

एक शब्द. जीभ—जड—

मानेपर्यंत गार.

थांबली. बराच वेळ थांबली. पाण्याचा कॅन फाटकाबाहेर ठेवला तिने. मी चोर म्हटलं तिला, आणि ती पाणी—

ट्रकमध्ये बसतेय.

नको ओपल, तू पाणी घेतलं नाहीस, मी खोटं बोललो, मला माफ कर, फाटक उघडं आहे, ये, आत ये, ओपल आत