पांदणीवरचा दिवा

२० ऑगस्ट, मंगळवार

आज तेल्हाऱ्याला रुजू झाले. विद्युत सहायक, म्हणजे लोकांच्या भाषेत लाइनमन, आणि बाई असले तरी लाइनमनच. साहेबांनी सही घेतली, माझ्या सेफ्टी बेल्टकडे पाहिलं आणि विचारलं की खांबावर खरंच चढता येतं का. मी म्हटलं, दाखवू का? सगळं ऑफिस हसलं. भातकुलीला फोन करून बाबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की मागून आईनं काय झालं म्हणून विचारलं.

माझ्यासोबत डोमाजी आहेत. निवृत्तीला आलेले, जुने लाइनमन. अर्धा दिवस बोलत नाहीत आणि उरलेला अर्धा दिवस फक्त पावसाबद्दल बोलतात. खोलीही मिळाली. गावाच्या अगदी शेवटचं घर, खुशालराव आणि गोदाबाई असे दोघंच नवरा-बायको. मूलबाळ नाही. मी पहिल्याच तासात त्यांना काका-काकू म्हणायला लागले. खोलीला वेगळं दार आहे, खाली शहाबादी फरशी आणि मागे परसाकडे उघडणारी खिडकी. काकूंनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तव्यावर रगडलेला ठेचा वाढला आणि मी नको म्हणेपर्यंत वाढत राहिल्या. नोकरी, खोली आणि जेवण एकाच दिवशी. नीलम, तुझं नशीब जोरात आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

सुट्टी. कपडे धुतले, मग खिडकीत बसून परस बघत राहिले. तिन्ही बाजूंनी दाट ज्वारी आहे, माणूस बुडेल इतकी उंच. मधल्या मोकळ्या जागेत काकांनी अंबाडी लावलीय. पानं अगदी हाताच्या बोटांसारखी. सकाळ-संध्याकाळ काका त्यात वाकलेले असतात. एकेक शेंडा खुडतात, एकेक पान उलटं करून बघतात. अंबाडीची एवढी सेवा मी कुठं पाहिली नाही. आमच्याकडे ती बांधावर आपली आपण वाढते.

मी काकूंना म्हटलं, आज अंबाडीची भाजी करू. त्या म्हणाल्या की ही खायची नाही, दोराची आहे. मग संध्याकाळी बाजारातून अंबाडीची जुडी आणली आणि कण्या घालून भाजी केली. छान झाली होती.

ज्वारीच्या पलीकडे पांदण आहे, शेतात जायचा बैलगाडीचा रस्ता. तिच्या तोंडाशी आपला एक खांब आहे. वर दिव्याची नुसती पत्र्याची टोपी. मी म्हटलं, उद्या दिवा बसवून देते. काका म्हणाले, राहू दे, दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे साप. बरोबरच आहे म्हणा.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा झाला. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या आजही पुरल्या.

दिवेलागणीला खोलीत आले तर समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड. खिडकीतून पाहिलं, पांदणीचा दिवा लागलेला. मला बरंच वाटलं. डोमाजींनी गुपचूप काम उरकलं असेल.

थोड्या वेळानं काका दारात आले. आवाज अगदी शांत होता. त्यांनी विचारलं, दिवा तू लावला काय. मी नाही म्हटलं. ते माझ्या सेफ्टी बेल्टकडे बघून बरं म्हणाले आणि गेले.

५ सप्टेंबर, गुरुवार

डोमाजी म्हणतात त्यांनी दिवा लावला नाही. म्हणून आज दुपारी मी स्वतः खांबावर चढले.

टोपीत दिवाच नाही. दिव्याला येणारी वायर वर लाइनपाशी कापून, गुंडाळून, तारेनं बांधून ठेवलीय. गंज चढलाय, म्हणजे बरेच महिने झाले असावेत. टोपीच्या आतला भाग काळा पडलाय.

खाली उतरले तर काका ज्वारीत उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी दिवा लागला.

९ सप्टेंबर, सोमवार

रोज लागतो. सूर्य मावळला की लागतो आणि उजाडलं की नसतो. आज मी डोमाजींना मुद्दाम थांबवून घेतलं. दिवस बुडाला आणि दिव्याविना, वायरीविना त्या टोपीतून उजेड सांडायला लागला. डोमाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गाडीला किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज डोमाजींनी सांगितलं. आधीच सांगायला हवं होतं, असंही म्हणाले.

माझ्या जागेवर आधी अनुप नावाचा पोरगा होता, चांदूर बाजारचा. माझ्याच खोलीत राहायचा. मागच्या वर्षी याच दिवसांत नगरपरिषदेनं पांदणीवर दिवा मागितला, शेतावरून उशिरा परतणाऱ्या बायांसाठी. अनुपनं दिवा लावला. दोन-तीन रात्री चालला आणि कोणीतरी दगडानं फोडला. दिवा पुन्हा लावायला अनुप भर दुपारी चढला. चढण्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीतलं किटकॅट, म्हणजे फ्यूज, त्यानं स्वतःच्या हातानं काढून पिशवीत टाकलं होतं. ते काढलं की लाइन मेली, हे शेंबडं पोरही जाणतं. तरी करंट आला आणि अनुप खांबावरच गेला. नंतर पाहिलं तर किटकॅटच्या जागी जाड तार अडकवलेली. पंपासाठी कोणा शेतकऱ्यानं घाईत अडकवली असेल, असं कागदावर आलं. नाव कोणाचंच आलं नाही.

डोमाजींनीच मग दिव्याची वायर कापून टाकली. अनुपची आई येऊन त्याची पेटी घेऊन गेली. काकूंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

काका-काकू मला यातलं काहीच बोलले नव्हते.

१५ सप्टेंबर, रविवार

ती अंबाडी नाही.

आज ऊन पडल्यावर परसातून वास आला, उग्र, तेलकट, घशात बसणारा. अंबाडीला असा वास नसतो. काका काही झाडं मुळासकट उपटून पेटवत होते. मी खिडकीत उभी आहे हे त्यांनी पाहिलं आणि लपवलं नाही. हाक मारली. मी गेले. त्यांनी सरळ सांगितलं, गांजा आहे. उपटली ती नरझाडं, ती राहिली तर मादीत बी भरतं आणि माल वाया जातो.

एखादं बाळ दाखवावं तशी झाडं दाखवत होते. पावसात सगळंच हिरवं असतं तेव्हा हे डोळ्यांत भरत नाही. पण कापूस फुटला की वेचणाऱ्या बाया पांदणीनं येतात, ज्वारी कापली जाते, आडोसा जातो. त्याआधी हे कापून न्यायचं. मधे मिळतात ते थोडे दिवस. रात्र मोठी व्हायला लागली की झाड फुलावर येतं, आणि या वर्षी ते येत नाही. पानं वाढतायत, फूल नाही.

मग म्हणाले, "झाडाले अंधार लागते, पोरी. दिवा असला का त्याले वाटते दिस अजून मोठाच हाय. मंग ते फूलच धरत नाई."

मी म्हटलं, दिवा मी लावत नाही. ते म्हणाले, तू लाइनमन हाय.

१६ सप्टेंबर, सोमवार

खोली सोडते म्हणून सांगितलं. काका नाही म्हणाले. कापणी झाली की खुशाल जा. मधेच गेलीस किंवा कुठं बोललीस तर मालाचं एक पुडकं तुझ्याच खोलीत ठेवलेलं आहे, पोलीस ते तुझ्याच नावावर लावतील. नोकरी जाईल, मग बाप काय म्हणेल.

सगळी खोली उलटीपालटी केली. पेटी, गादी, माळा, खिडकीची चौकट. पुडकं सापडलं नाही. म्हणजे ते टाकूनही देता येत नाही.

काकू भाकर घेऊन आल्या. जेवली काहून नाही म्हणून विचारत होत्या. माझ्या केसांना तेल लावून दिलं. मी बसून राहिले.

२२ सप्टेंबर, रविवार

डोमाजी रजेवर गेलेत. त्यांच्या घरी कोणी फोन उचलत नाही.

काकांनी टोपीवर पोतं बांधलं. उजेड पोत्यातून आला. टोपी काठीनं ठोकून पाडली. उजेड नुसत्या खांबाच्या टोकातून आला. झाडं काळीभोर हिरवी झालीत, ज्वारीच्या बरोबरीनं उंच. एकालाही फूल नाही.

काका जेवत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. ते जास्त वाईट आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

भिंतीवर उजेडाचा चौकोन पडतो, आज त्यात सावली होती. खांबाला कमरेच्या पट्ट्यानं अडकलेला, मागे रेललेला माणूस. लाइनमन काम करताना असाच रेलतो. मी खिडकीतून खांब पाहिला. खांबावर कोणी नव्हतं.

सावलीचा एक हात खाली होता, पंजा उघडा. खालच्या माणसाकडून पक्कड मागताना करतो तसा.

मी घाबरले, पण रडू आलं ते अनुपसाठी.

१ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांचा फोन. नवरात्रात येतेस का. रजा नाही म्हटलं. आवाज बरा ठेवला.

सावली आज खांबाच्या मधोमध होती. खाली येतेय.

जळक्या केसांचा वास. काकूंनाही आला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि माझी खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, उघडू नको व बाई.

उजेड फटीतून येतोच.

६ ऑक्टोबर, रविवार

कापूस फुटायला लागलाय. आज पांदणीनं दोन बाया गेल्या. ज्वारीकडे बघत गेल्या.

काका म्हणाले, आता ते स्वतः चढून खांबाचं टोक कापणार. मी डीपीपाशी उभं राहायचं. तू लाइनमन हाय, तूच लाइन बंद कर.

त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं नाही. दुसरं कोणी नाही, म्हणून.

१० ऑक्टोबर, गुरुवार, दिवेलागण

जसं झालं तसंच लिहिते.

काकांनी मुद्दाम हीच वेळ धरली. शेतावरची माणसं घरी गेल्यावर. मी डीपी उघडली. तिन्ही किटकॅट काढून माझ्या खिशात ठेवले. तार कुठंही नव्हती. हात फिरवून, डोळ्यांनी, सगळं पाहिलं. खांबाला टेस्टर लावला. लाइन मेलेली होती. मी लाइन मारली होती, शपथ.

काका शिडीवर चढले, आरी घेऊन. वर उजेड होताच. त्यांनी टोकाला हात लावला.

ओरडले नाहीत. चिकटले. अंगातून धूर आला. मी वाळलेल्या बांबूनं त्यांना ढकललं, निघाले नाहीत. पुन्हा टेस्टर लावला. करंट नव्हता. करंट नव्हताच.

अजून तिथंच आहेत.

माझा फोन काकूंनी काढून घेतला. आधी झाडं कापू, मग लोकांना बोलवू, म्हणाल्या. मग बाहेर बघितलं आणि विळा तिथंच टाकून माझ्या खोलीत आल्या. आतून कडी घातली, वर कुलूप. किल्ली कमरेला.

थोड्या वेळानं

काकू माझ्या शेजारी, कॉटवर. पोत्यानं खिडकी झाकलीय.

मी म्हटलं, अनुपला जो पाहिजे होता तो मिळाला. काकांना नेलं. आता संपलं.

त्या नाही म्हणाल्या. कितीतरी वेळ नाही, नाही, एवढंच. मग—

"डीपीत तार मी टाकली होती व. यायले, तुह्या काकाले, मालूम बी नव्हतं. त्याले दोनदा सांगतलं, बापू, दिवा नको लावू. आयकलंच नाई."

भाजीत मीठ टाकल्याचं सांगावं तशा बोलल्या.

भिंतीवर उजेड आलाय. खिडकी झाकलेली असून. चौकोन नाही आता, अख्खी भिंत. सावली खांबावर नाही. पाय जमिनीवर. कमरेला पट्टा लोंबतोय. तो हात अजून तसाच, उघडा—

मी किल्ली मागितली. देत नाहीत. मी म्हटलं, मला जाऊ द्या, मी त्याचं काही केलं नाही. माझं डावं मनगट धरलंय. दोन्ही हातांनी. म्हातारीच्या हातात एवढं बळ कुठून—

कडी आतून आहे. दार हललं नाही. उजेड दाराच्या आत.

करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. पहिल्या दिवशी शिकवतात. पण इथं मी नाही धरलेलं, तिनं—

काकू, सोडा. काकू

सावली त्यांच्यावर पडली. त्यांच्या खांद्यावर पंजा. त्यांचे हात गरम झाले, माझ्या मनगटात मुंग्या, कोपरापर्यंत, बोटं मिटत नाहीत उघडत नाहीत, पेन अजून उजव्या हातात आहे म्हणून, अनुप, मी नीलम, मी तुझ्याच जागेवर आलेली, मी फक्त