आक्का, तुझी लेक उजळलीय

प्रिय आक्का,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. इतकी वर्षं तुझ्याशी बोलले, भांडले, ते सगळं मनातल्या मनात, भाकरी थापता थापता. पण परवा तुझी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. काल दुपारी मी जे ऐकलं आणि आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं, ते कुणापाशी बोलू? आई नाही, आण्णा नाहीत. राहता राहिलीस तू.

काल जेवणं उरकून मी जरा आडवी झाले होते. पल्लवी मागच्या दारात बसली होती, माझ्याकडे पाठ करून. आणि आवाज आला. कुडुम, कुडुम. थांबून थांबून, चोरून खाल्ल्यासारखा. मी उठले नाही गं. डोळे उघडे ठेवून तशीच पडून राहिले. हा आवाज मी शाळेत असताना ऐकला होता, आपल्या माणदेशातल्या घरी, तू अशीच पोट घेऊन आली होतीस तेव्हा.

भाजक्या मातीचे खडे! किराणा दुकानात पुडीत मिळतात तेच.

तुझं मातीचं वेड आठवतं का तुला? चुलीच्या कडेला पाणी शिंपडायचीस आणि वास घेत बसायचीस. मग चुलीचा पोपडा काढून तोंडात. मग माझ्या पाटीवरच्या पेन्सिली! पेन्सिली तू खाल्ल्यास आणि शाळेत बाईंचा मार मी खाल्ला, त्याचा राग अजून गेलेला नाही बरं का. आई मात्र रागावली नाही. "पोरीला मातीचं डोहाळं लागल्यात," असं कौतुकानं गावभर सांगत सुटली. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणे. आण्णांनी बाजारातून पिशवी भरून भाजकी माती आणली, आणि आईनं ती तुझ्या ओटीत नारळाशेजारी घातली. किती माया होती त्या पिशवीत! त्या मायेचीच आता मला भीती वाटते.

आणि तू उजळत चाललीस. शेजारच्या बायका यायच्या, तुझी हनुवटी धरून म्हणायच्या, "आवं, लय उजळलीया की सुमन! मुलगीच हुणार बगा." तू लाजायचीस. मी तर जळायचे तुझ्यावर, कारण मी काळीसावळी ती तशीच. तुझे ओठ पांढरे होते, नखं पांढरी होती. विहिरीवर रिकामी कळशी नेतानाही तुला दम लागायचा. "प्वाट हाय, दम लागणारच," असं आई म्हणायची. सगळ्यांचं जेवण झाल्यावर तू भगुलं निपटून खायचीस आणि भूकच नाही म्हणायचीस. का नाही गं बोललीस एकदा तरी, की मला बरं वाटत नाही?

पुढचं तुला काय सांगायचं! पल्लवी रडली आणि तुझं रक्त थांबेना. जीपमध्ये आईनं तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. साताऱ्याला पोचलात तेव्हा तिथले डॉक्टर एवढंच म्हणाले, की हिच्या अंगात मुळात रक्तच नव्हतं, थोडं गेलं तेवढ्यानंच संपली. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "नजर लागली माज्या उजळ लेकीला." मीही तेच मानलं. दुसरं काही मानायला आम्हाला कुणी शिकवलं होतं?

मला अठरा भरल्यावर तुझ्या जागी उभं केलं. ज्यांना दाजी म्हणायचे त्यांना अहो म्हणायला लागले आणि कुपवाडला या घरात आले. तुझी लेक मला मावशीच म्हणते. आई म्हणजे भिंतीवरचा फोटो, हे मीच तिला शिकवलं. पण तिच्या खाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. तिला माझ्या ताटात घेऊन जेवले, आणि सगळ्यांच्या आधी. हे हसायचे, "पैलवान करायचा हाय का पोरीला?" मी म्हणायचे, व्हय!

मग तिला कोरेगावला दिली. माणसं वाईट नाहीत आक्का, हीच तर पंचाईत आहे. कुणी हात उगारत नाही, कुणी टोमणा मारत नाही. पण दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. आधी पुरुष जेवतात, मग पोरं, मग सासू, आणि तळाशी उरलेलं सुनेचं. "तितं तसंच असतंय मावशी," पल्लवी मला म्हणाली, "आणि मला कुटं भूक लागती?" अगदी तुझं वाक्य! तुझा आवाज कधी कानावर पडला नाही त्या पोरीच्या. कुठून शिकली?

गेल्या आठवड्यात तिथं डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, फोटोवाला. पाच पक्वान्नांच्या मधोमध विहीणबाईंनी चांदीची वाटी ठेवली होती, तीत मातीचे खडे. "आमची सून लय गुणाची! साडी मागत न्हाई, सोनं मागत न्हाई, मागती ती नुसती माती!" सगळ्या हसल्या, मोबाइल पुढे आले. मग विहीणबाईंनी तिची हनुवटी धरली. "आनि बगा की, कशी उजळलीया!"

मी तिचे हात बघितले. मेंदीनं तळवे झाकले होते, पण नखं? ती पांढरीफटक नखं मला झोपाळ्यापाशी न जाताच दिसली. तरी मी मनाची समजूत घातली, की माती म्हणजे नुसती थट्टा असेल, फोटोपुरती असेल. काल तो आवाज ऐकला आणि समजूत संपली.

आज सकाळी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, पल्लवीहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं पल्लवीची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली. रक्त तपासलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, ही उजळलेली नाही. पांढरी पडलीय."

आक्का, एवढं एक वाक्य तेव्हा कुणी आपल्या दारात येऊन म्हणालं असतं तर?

मी विचारलं, मातीनं रक्त कमी झालं का? ती म्हणाली, रक्त कमी झालं म्हणूनच मातीची ओढ लागते, आणि पोटात गेलेली माती अन्नातलं उरलंसुरलं लोहसुद्धा अंगी लागू देत नाही. म्हणजे तू हट्टी नव्हतीस. तुझं अंग ओरडत होतं आणि आम्ही त्याला डोहाळे म्हणून ओवाळत होतो! डॉक्टरीण सांगत होती, हे आपल्याकडंच नाही, तिकडे आफ्रिकेतसुद्धा पोटुशा बायका बाजारातून मातीच्या वड्या विकत घेतात. मला ते काही केल्या डोक्यातून जाईना. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका, एकमेकींची भाषा माहीत नाही, आणि सगळ्याजणी आपापल्या घरात गुपचूप तेच चावताहेत? तुझ्यासारख्या किती गेल्या असतील, आणि किती घरांत नजर लागली म्हणून मोकळे झाले असतील?

"लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पल्लवीनं मान खाली घातली. त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. तिनं एकही घेतली नाही.

आता आठवा सरत आलाय. गोळ्यांवर भागायचं नाही, डॉक्टरीण म्हणाली. उद्याच भरती करा, रक्तवाढीचं सलाईन लावू, बहुतेक रक्ताची पिशवीही चढवावी लागेल. मी विचारलं, निभावेल ना? ती म्हणाली, "लवकर आला असता तर बरं झालं असतं." आणि भरतीचा कागद लिहायला घेतला.

रीत म्हणून कोरेगावला फोन केला. विहीणबाई भडकल्याच. "आवं, धडधाकट पोरगी हाय आमची! आमी न्हाई का बाळंत झालो? दुसऱ्याचं रगात आमच्या नातवाच्या अंगात? उद्या आमी गाडी घिऊन येतो आनि घरला नेतो तिला." आणि तुझे नि माझे हे! ज्या माणसानं तुझी चिता बघितली तो माणूस चप्पल घालता घालता मला म्हणतो, "विहिणीला दुखवून कसं चालंल?" आणि गाडीला किक मारून कारखान्यात गेला. तुला माहीत आहे, वाईट नाहीत हे. पण कधी कधी तोंडावर पाणी मारावंसं वाटतं, जागे व्हा म्हणून!

पल्लवी दुपारी झोपली होती. दचकून उठली आणि म्हणाली, "मावशी, सपनात आई आली हुती. फोटोतल्यावानी हसत हुती. चल म्हनली." मी विचारलं, कुठं? "ते न्हाई सांगितलं. माजा हात धरला, लय गार हुता हात तिचा. पन मला बरं वाटलं." असं म्हणून ती पुन्हा झोपली. अजून झोपलीय. मी शेजारी बसून लिहितेय आणि दर दोन ओळींनी तिच्या नाकापाशी बोट धरून बघतेय.

आक्का, मी तुला शब्द देते. उद्या त्यांची गाडी दारात यायच्या आत मी तिला रिक्षात घालून भरती करणार. विहीणबाई रुसोत, हे महिनाभर अबोला धरोत. रक्त लागलं तर आधी माझं घ्या म्हणेन. बाळ काळं झालं तर काळं, त्याच्या गालाला तीट कुठं लावायची ते मी बघेन.

पण तूही माझं एक ऐक. मी जन्मभर तुझी वाट बघितली, एकदा तरी स्वप्नात ये म्हणून रडले, आणि तू माझ्याकडे कधी आली नाहीस. आता आलीस ती हिच्याकडे! येऊ नकोस गं. ती मोकळी होऊन घरी येईपर्यंत या घराकडे फिरकूसुद्धा नकोस. आई आहेस, तुला तिला बघावंसं वाटणारच, मला कळतं. पण तिचा एक हात तू धरलास तर दुसरा माझ्या हातात आहे, आणि मी सोडणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

तुझी धाकटी,
शालन