नळाखाली धुतलेला स्पंज

बाबा, आज दुपारी लेकीच्या माशांसाठी फिल्टर केला आणि तुमची आठवण आली. आली म्हणजे फक्त आली, पुढे काही झालं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मला एकदाही धड रडू आलेलं नाही. पांढुर्ण्यातले शेजारी मला खंबीर समजतात, मीही त्यांना समजू देते. फिल्टर तसाच केला, तुम्ही केला होता तसा. पाण्याच्या बाटलीचा गळा कापला, तळाशी जाम नदीतले खडे टाकले, वर स्पंज आणि मधोमध ठिबक सिंचनाच्या नळीचा वीतभर तुकडा. नळीत हवा सोडली की बुडबुडे वर जातात आणि त्यांच्या ओढीनं पाणी स्पंजातून गाळून निघतं. नळी तुमच्याच डब्यातली आहे. सौंसरचं आपलं घर आवरून आईला माझ्याकडे आणलं तेव्हा तो डबा उचलून आणला होता, का ते माहीत नाही.

तुम्ही तो पहिला फिल्टर केला तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही दिवसभर मोहगावकडच्या संत्र्याच्या बगिच्यांमध्ये ठिबक दुरुस्त करत फिरायचे. तिथल्या फिल्टरची जाळी रोज धुतली नाही तर पाणी झाडापर्यंत पोचत नाही, हे तुम्ही प्रत्येक बगिचेवाल्याला ऐकवायचे. नागपूरहून माझ्यासाठी चार गप्पी मासे आणले, काचेची पेटी स्वतः चिकटवली आणि हा फिल्टर बनवला. मग रोज संध्याकाळी घरी आलात की चहाच्या आधी स्पंज काढायचा आणि नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळायचा. मी शेजारी उभी असायची. आठवड्यात चारही मासे पोट वर करून तरंगले. तुम्ही पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे. "तू लय खाऊ घालून राहिली होती त्याईले. तुह्या हातानं मेल्या मासोया." एवढंच म्हणालात आणि पेटी उचलून माळ्यावर ठेवली. मला ते पटलं. इतकं पटलं, की आजही कोणाला वाढताना माझा हात आखडतो. सासरी त्यावरून अजून थट्टा होते.

आज लेकीचे मासे येऊन महिना झाला. आधी विकतचा फिल्टर होता, तो बिघडला. त्यातलाच स्पंज काढून ह्या बाटलीत बसवायचा होता. शेवाळलेला, बुळबुळीत. मी सवयीनं नळाखाली धरला आणि लेक ओरडली, "मम्मी, काहून धुऊन राहिली? त्या घाणीतच चांगले जंतू राहतात, तेच पाणी साफ करतात. नळाच्या औषधाच्या पाण्यानं मरतात ते. पेटीतल्याच पाण्यात हलकं खळबळून घ्यायचं असते." तिनं मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. मी नळ बंद केला. म्हणजे मासे खाण्यानं मेले नव्हते, तुमच्या धुण्यानं मेले होते. हे कळल्यावर राग यायला हवा होता, निदान सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ थांबून वाट पाहिली. काहीच आलं नाही, म्हणून हात पुसले.

मग तुमचा सदरा आठवला. तुमची तेरवी झाली, कपडे देऊन टाकले, तेवढा एक सदरा आईनं खुंटीवर ठेवला होता. कॉलर काळी, खिशावर ग्रीसचा डाग, कापडाला बगिच्यातल्या फवारणीचा वास. ती मला म्हणाली होती, "त्याले हात नको लावू वो. राहू दे तसाच." दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली आणि मी तो साबण लावून घासला, ब्रशनं, डाग जाईस्तोवर. तुमचीच पोरगी ना मी. मळका कपडा खुंटीवर बघवत नव्हता. आई परत आली, तारेवरचा सदरा ओलाच उतरवला, तोंडाला लावून हुंगत राहिली. मग पुन्हा वाळत घातला. मी भाजी चिरत राहिले. त्या दिवसानंतर आमच्यात सदऱ्याचा विषय निघालेला नाही.

फिल्टर चालू आहे. मासे खाली फिरून राहिले आहेत, लेक मोजून दाणे टाकते आहे. तुम्ही मला मासोयांचा बोल लावलात, त्याचं आता काही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला मात्र आईनं तोंडानं सांगितलं होतं, तरी मी तो सदरा धुतला. हे पत्र खरं म्हणजे तिला लिहायला हवं होतं. ती पलीकडच्या खोलीत शेंगा सोलत बसली आहे, इथून आवाज येतो. तिच्यापुढे जाऊन दोन शब्द बोलायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.